घाटवाटा, लांबचे रस्ते आणि हातातला जीपीएस

हातात धरायचे जीपीएस यंत्र फक्त ऐकते. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह आपले स्थान आणि आपल्या अणुघड्याळातली वेळ सतत सांगत असतात. तो संदेश जमिनीवर पोचायला सेकंदाचा सात-आठ शतांश भाग लागतो. कोणाचा संदेश किती उशिरा आला यावरून यंत्र त्या त्या उपग्रहापासूनचे अंतर काढते आणि अशा अनेक अंतरांचा मेळ घालून स्वतःची जागा ठरवते. खरे तर त्यासाठी तीन उपग्रह पुरायला हवेत. पण यंत्रातले घड्याळ साधे क्वार्ट्झचे असते आणि त्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी चूक झाली, तरी अंतरात 300 मीटरचा फरक पडतो. घड्याळाची ही चूक काढून टाकण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. या सगळ्यात मोबाइलचा टॉवर, सिमकार्ड, इंटरनेट किंवा वर्गणी यांचा कुठेही संबंध येत नाही. ‘तिथे रेंज नाही, मग जीपीएस कसा चालणार?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. उघडे आकाश असेल तर जीपीएस चालतो, हे त्याचे उत्तर.

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने या मालिकेतला पहिला उपग्रह 1978 मध्ये सोडला आणि 1995 मध्ये यंत्रणा पूर्णपणे कार्यरत झाल्याचे जाहीर केले. हातात मावणारे पहिले व्यापारी यंत्र, मॅगेलन कंपनीचे, त्याआधीच 1989 मध्ये बाजारात आले होते. मात्र नागरी वापराच्या संदेशात त्या काळी मुद्दाम चूक मिसळली जाई, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडे-तिकडे दाखवली जात असे. डोंगरात शंभर मीटर म्हणजे एखादी सोंड सोडून शेजारच्या घळीत उतरणे. मे 2000 मध्ये अमेरिकेने ही मिसळ बंद केली आणि खऱ्या अर्थाने हे यंत्र पायी भटकणाऱ्यांच्या उपयोगाचे झाले. आज उघड्या माळावर कोणतेही बरे यंत्र किंवा बरा फोन चार-पाच मीटरच्या आत जागा सांगतो.

म्हणूनच यंत्र निवडताना नुसत्या अचूकतेच्या आकड्यांवर फार वेळ घालवण्यात अर्थ नाही. खोक्यावर जीपीएसबरोबर रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बायडू अशी नावे छापलेली असतात. जितक्या यंत्रणांचे उपग्रह ऐकू येतील तितके चांगले, हे खरे. पण मोकळ्या जागेत त्याचा फरक फारसा जाणवत नाही. फरक पडतो तो आकाश अरुंद असते तिथे. साम्रदजवळची सांधण दरी घ्या. दोन्ही बाजूंना उभे कातळ, वर आकाशाची एक पट्टी. डोक्यावरच्या एक-दोन उपग्रहांचा संदेश सरळ येतो, बाकीच्यांचा कड्यावर आपटून, लांबचा फेरा मारून येतो. यंत्राला तो उशीर म्हणजे जास्तीचे अंतर वाटते आणि पडद्यावरचा बाण दरीच्या भिंतीतून चालू लागतो. अशा जागी खरी मदत होते ती दोन वारंवारितांवर ऐकणाऱ्या यंत्राची. जुनी नागरी वारंवारिता 1575.42 मेगाहर्ट्झ, नवी 1176.45 मेगाहर्ट्झ. नव्या संदेशाच्या रचनेमुळे सरळ आलेला आणि आपटून आलेला संदेश वेगळे ओळखणे सोपे जाते. खोक्यावर हे ‘मल्टी-बँड’ किंवा ‘ड्युअल फ्रीक्वेन्सी’ असे लिहिलेले असते. घळी, नाळा, दाट जंगल हा ज्यांचा नेहमीचा मुलूख आहे त्यांनी यासाठी जास्त पैसे मोजावेत. किल्ल्यांच्या मळलेल्या वाटांवर फिरणाऱ्यांना त्याची गरज नाही.

भारताचीही स्वतःची यंत्रणा आहे. तिचा पहिला उपग्रह इस्रोने जुलै 2013 मध्ये सोडला. 2016 मध्ये तिला ‘नाविक’ हे नाव मिळाले. हे उपग्रह भारताच्या डोक्यावरच राहतील अशा कक्षांमध्ये असल्यामुळे आपल्या भागात ते उंचावर दिसतात आणि दऱ्याखोऱ्यांत ही मोठी सोय ठरू शकते. पण हे उपग्रह सुरुवातीपासून ज्या वारंवारितांवर बोलत आले त्या जुन्या हातयंत्रांना ऐकूच येत नाहीत. सगळ्यांना ओळखीच्या असलेल्या जुन्या नागरी वारंवारितेवर संदेश देणारा या मालिकेतला पहिला उपग्रह मे 2023 मध्ये गेला. तेव्हा ‘नाविक चालते का’ हे यंत्राच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले असेल तरच धरावे. विमानांसाठी उभारलेल्या ‘गगन’ या दुरुस्ती-यंत्रणेचा लाभ मात्र अनेक हातयंत्रांना मिळू शकतो. सेटिंगमध्ये ‘वास’ किंवा ‘एसबास’ असा पर्याय दिसतो, तो चालू करायचा असतो.

मग फोन असताना वेगळे यंत्र कशाला? राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड अशा एक-दोन दिवसांच्या भटकंतीसाठी बहुतेकांना त्याची गरज नाही. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओसमअँडसारखे ॲप, घरून उतरवून घेतलेला नकाशा, विमान-मोडमध्ये ठेवलेला फोन आणि एक पॉवर बँक एवढ्यावर काम भागते. फोनचा पडदा मोठा, नकाशा ठळक, आणि तो खिशात असतोच. हे मान्य करूनच हातयंत्राचा विचार करावा. त्याची बाजू सुरू होते ती पावसात. ओल्या बोटांना आणि पडद्यावरच्या थेंबांना फोन वेडावाकडा प्रतिसाद देतो. पिशवीत घातला तर वाफेने काच धूसर होते. दुसरे म्हणजे, तो एकच फोन कॅमेरा, विजेरी, जीपीएस आणि संकटात 112 लावायचे साधन असा चारही कामांना लागतो. वाट शोधण्यात बॅटरी संपली तर मदत मागण्याचीही सोय संपते. वेगळे यंत्र बाळगण्याचे सर्वात सबळ कारण हेच आहे. बाकी सगळी कारणे याच्या खालोखाल.

बॅटरीच्या बाबतीत यंत्रांचे दोन गट पडतात. एका गटात साधे दोन पेन्सिल सेल बसतात, दुसऱ्यात आतच लिथियम बॅटरी असते. गार्मिनचे ईट्रेक्स 22एक्स दोन सेलवर सुमारे 25 तास चालते, ईट्रेक्स एसई कंपनीच्या आकड्यानुसार 168 तास. आतली बॅटरी असलेले जीपीएसमॅप 67 हे 180 तासांचे सांगितले जाते. प्रत्यक्षात पडद्याचा उजेड, होकायंत्र, ब्लूटूथ हे सगळे चालू ठेवले की हे आकडे खाली येतात. तरी सह्याद्रीसाठी सेलच्या यंत्राला झुकते माप द्यावे. पायथ्याच्या गावातल्या किराणा दुकानात पेन्सिल सेल मिळतो. वीज नसलेल्या गुहेत मुक्काम असेल तर चार सेल सॅकच्या कप्प्यात टाकले की प्रश्न मिटला. रिचार्ज होणारे निकेल सेल वापरावेत, पण यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरू नये. हा सेल 1.2 व्होल्टचा आणि साधा अल्कलाइन 1.5 व्होल्टचा, यंत्राला चुकीचा प्रकार सांगितला तर भरलेला सेलही ते अर्धा संपलेला दाखवते. हिमालयात गोष्ट उलटते. थंडीत अल्कलाइन सेल लवकर मान टाकतो, तिथे एकदाच वापरायचे लिथियम सेल टिकतात. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल हातातल्या सामानात ठेवायचे असतात.

पडदा आणि बटणे यांत बटणेच घ्यावीत. स्पर्शाचा पडदा दुकानात सुखावतो. श्रावणात ताम्हिणीच्या बाजूला रेनकोटच्या बाहीतून पाणी ठिबकत असताना बटणाचा टचकन लागलेला दाब जास्त विश्वासाचा वाटतो. पडद्याची जात पाहावी. चांगल्या हातयंत्राचा पडदा बाहेरचा उजेड परावर्तित करतो, त्यामुळे भर उन्हात तो अधिक स्वच्छ दिसतो, तर फोनचा उन्हात फिका पडतो. दुकानाच्या आत हा फरक कळत नाही. दारात येऊन उन्हात धरून बघावे. पाण्याबाबत खोक्यावर आयपीएक्स7 असे असेल तर यंत्र एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास तग धरते, असा त्याचा अर्थ. पावसासाठी ते पुरेसे आहे. मात्र मागच्या झाकणाचा रबर आणि चार्जिंगच्या तोंडावरची टोपी नीट बसली नसेल तर या आकड्याला काही किंमत उरत नाही. आणि यंत्राला दोरी बांधायची खाच हवीच. कड्याच्या कडेला हातातून सुटलेले यंत्र पुन्हा मिळत नाही.

खरी निवड नकाशापाशी होते. नकाशाशिवायचे यंत्र फक्त अक्षांश-रेखांश आणि बाण दाखवते. बाण सरळ रेषेत दाखवला जातो, आणि डोंगरात सरळ रेषा बहुधा कड्यावरून जाते. परदेशातून मागवलेल्या यंत्रात बऱ्याचदा त्या देशाचा तपशीलवार नकाशा असतो आणि भारताच्या जागी फक्त मोठी शहरे व महामार्ग. म्हणून विकत घेण्यापूर्वी यंत्र चालू करून आपल्या ओळखीचा एखादा डोंगर पडद्यावर आणावा आणि जवळ जाऊन पाहावा. गाव, ओढा, पायवाट, समोच्च रेषा दिसतात का? दिसत नसतील तर नकाशा बाहेरून घालता येतो का, आणि त्यासाठी मेमरी कार्डाची खाच आहे का, हे विचारावे. जगभरच्या स्वयंसेवकांनी 2004 पासून उभारलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवरून गार्मिनच्या यंत्रांसाठी तयार केलेले नकाशे फुकट मिळतात. सह्याद्रीतल्या कितीतरी घाटवाटा, पाण्याची टाकी, गुहा त्यांत भटक्यांनीच नोंदवलेल्या आहेत. भारतीय सर्वेक्षण विभागाची 1:50,000 प्रमाणाची पत्रकेही 2017 पासून त्या खात्याच्या संकेतस्थळावरून घेता येतात. 20 मीटरच्या अंतराने आखलेल्या त्यांतल्या समोच्च रेषा घरी बसून वाट अभ्यासायला आजही उत्तम आहेत.

फुकट नकाशांतल्या समोच्च रेषांविषयी मात्र सावध राहायला हवे. त्या बहुतेक करून फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकी अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीवरून काढलेल्या असतात. त्या मोजणीत जमिनीचे चौकोन पाडून प्रत्येकाला एकच उंची दिलेली आहे. चौकोनाची बाजू 30 किंवा 90 मीटर. गुळगुळीत टेकड्यांना ही पद्धत मानवते. सह्याद्रीला मानवत नाही. इथला डोंगर लाव्हाच्या थरांवर थरांचा आहे, पायरीसारखा: एक सपाट टप्पा, मग एकदम उभा कातळ, पुन्हा टप्पा. चौकोनांच्या सरासरीत हा उभा कातळ आडवा पसरतो आणि नकाशावर नुसता तीव्र उतार बनतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा तर आत वळलेला आहे. तरी अशा नकाशावर त्याच्या कडेपासून खाली बेलपाड्यापर्यंत समोच्च रेषा जवळजवळ पण सुट्या सुट्या दिसू शकतात, जणू काळजीपूर्वक उतरले तर जमेल. प्रत्यक्षात तिथे वाट नाही. बेलपाड्याहून चढणारी नळीची वाट कड्याच्या बगलेतून, घळीतून येते. तेव्हा सह्याद्रीत रेषा एकमेकींच्या अगदी जवळ आल्या की तिथे कडा आहे असेच समजावे आणि नोंदलेली वाट नसेल तर त्या बाजूला जाऊ नये.

दुसऱ्या कोणी चालून नोंदवलेला माग, म्हणजे ट्रॅक, जीपीएक्स स्वरूपाच्या फाइलमध्ये मिळतो आणि बहुतेक सगळ्या यंत्रांत तो घालता येतो. नकाशापेक्षाही याचा उपयोग मोठा. रानात गुरांच्या वाटा दर दहा पावलांवर फुटतात. ढोरवाट मळलेली आणि खरी वाट पुसट, असे हमखास असते. पावसाळ्यात कारवी डोक्याच्या वर गेली की दोन हातांवरची वाटही दिसत नाही. अशा वेळी पडद्यावरच्या रेषेपासून आपण वीस मीटर डावीकडे सरकलो आहोत हे कळणे पुरेसे असते. पण माग तपासूनच घ्यावा. तो कोणत्या महिन्यात नोंदवला? चढताना की उतरताना? नोंदवणारा मध्येच वाट चुकून परत फिरला असेल तर त्याचे ते भरकटणेही रेषेत आलेले असते. दोन वेगवेगळ्या लोकांचे माग एकमेकांवर ठेवून पाहिले की अशी जागा लगेच ओळखू येते. दरडी कोसळून घाटवाटा दर पावसाळ्यात बदलतात, म्हणून पायथ्याच्या गावात विचारपूस करणे आणि अवघड वाटेला वाटाड्या घेणे यंत्र असले तरी चुकवू नये. गेल्या आठवड्यात कुठला टप्पा वाहून गेला हे त्यालाच माहीत असते.

यंत्र निवडताना आणखी दोन गोष्टींपाशी ग्राहक अडखळतो: होकायंत्र आणि उंचीमापक. आत होकायंत्र नसलेल्या यंत्राला दिशा कळते ती चालताना, आधीची आणि आताची जागा जोडून. धुक्यात उभे राहून ‘आता तोंड कुठे आहे’ असे विचारले तर त्याच्याकडे उत्तर नसते. म्हणून होकायंत्र असलेले घ्यावे, तेही तिन्ही अक्षांत चालणारे, म्हणजे यंत्र तिरपे धरले तरी चालते. सेल बदलल्यावर ते पुन्हा जुळवून घ्यावे लागते. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे त्या दुरुस्तीची चिंता इथे करू नये. खिशात एक साधे होकायंत्रही असावे. त्याला सेल लागत नाही.

उंचीचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. उपग्रह फक्त डोक्यावर असतात, पायांखाली नसतात, म्हणून उंचीतली चूक जागेतल्या चुकीच्या दीड-दोन पट किंवा जास्तही निघते. शिवाय उपग्रहाच्या हिशेबातली पृथ्वी ही गणिती, गुळगुळीत असते आणि खरी समुद्रसपाटी तिच्याशी जुळत नाही. हिंदी महासागराच्या भागात समुद्रसपाटी त्या गणिती पृष्ठभागाच्या बरीच खाली आहे; महाराष्ट्रात हा फरक साठ-सत्तर मीटरच्या आसपास पडतो. हातयंत्रे ही दुरुस्ती स्वतः करतात, पण काही फोन-ॲप करत नाहीत. त्यामुळे अलिबागच्या किनाऱ्यावर उभा माणूस फोनमध्ये समुद्राच्या साठ मीटर खाली दिसला, तर बिघाड फोनमध्ये नसतो. हवेचा दाब मोजून उंची सांगणारा उंचीमापक असेल तर एकेका मीटरचा चढउतार कळतो. समुद्राजवळच्या उंचीवर साधारण आठ-साडेआठ मीटर चढले की दाब एक मिलिबार उतरतो. त्याची उणीव अशी की हवा बदलली तरी उंची बदलते. रात्री मुक्कामी यंत्राने दाखवलेली उंची सकाळी तीस मीटरने वाढलेली दिसली, तर तंबू जागचा हललेला नसतो, दाब उतरलेला असतो. म्हणजे हवा बिघडण्याची शक्यता. उंची माहीत असलेल्या ठिकाणी हा मापक जुळवून घ्यावा. कळसूबाईच्या माथ्यावर 1646 मीटर, तोरण्यावर 1403 मीटर, अशा ठरलेल्या जागा सोयीच्या पडतात.

मोटारीच्या किंवा मोटारसायकलच्या लांबच्या प्रवासाला मात्र हेच यंत्र तितकेसे सोयीचे नाही. अडीच-तीन इंचांचा पडदा चालवताना वाचता येत नाही, आणि वाचू नये. पुढे वाहतूक तुंबली आहे हे त्याला कळत नाही, बोलून वळण सांगण्याची सोय बऱ्याच यंत्रांत नसते. शहरात आणि महामार्गावर फोन पुढे आहे. हातयंत्र उपयोगी पडते ते जिथे नेटवर्क तुटते तिथे: कोकणातले आतले रस्ते, मेळघाट, स्पिती, लडाख. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतले प्रीपेड सिम चालत नाही, हे तिथे पोचल्यावर कळून अनेकांची पंचाईत होते. नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल तर फोनवर नुसता रिकामा पडदा आणि त्यावर निळा ठिपका उरतो. डोंगर आणि रस्ता दोन्हींसाठी एकच यंत्र हवे असेल तर गार्मिनची मोंटाना 700 ही मालिका आहे. पाच इंची पडदा, गाडीच्या काचेला किंवा हँडलला लावायची पकड आणि वळणे सांगणारा नकाशा तिला जोडता येतो. ते यंत्र जड आहे आणि महागही. ज्यांचे प्रवास वर्षातून एखाददुसरे असतील त्यांनी त्यापेक्षा फोन आणि एक साधे हातयंत्र असा जोड ठेवावा.

गाडीसाठी मार्ग काढताना एका सेटिंगकडे लक्ष हवे. ‘कमी अंतर’ निवडले तर यंत्र कोकणात बैलगाडीची वाटही रस्ता म्हणून देते. ‘कमी वेळ’ निवडून ‘कच्चे रस्ते टाळा’ चालू करावे. वरंध घाटासारखे रस्ते पावसाळ्यात दरडींमुळे बंद ठेवले जातात, ते यंत्रातल्या नकाशाला ठाऊक नसते. निघण्यापूर्वी जिल्हा प्रशासनाची सूचना पाहणे हाच उपाय.

काही यंत्रे ऐकण्यापलीकडे जाऊन उपग्रहामार्फत संदेशही पाठवतात. गार्मिनच्या यंत्रांत नावाच्या शेवटी ‘आय’ असेल किंवा ‘इनरीच’ असे लिहिलेले असेल तर ते या जातीचे. त्यांचा संदेश इरिडियम उपग्रहांमार्फत जातो. परदेशात पर्वतारोही ती सर्रास वापरतात आणि त्या यंत्रांमुळे अनेकांचे जीव वाचले आहेत. भारतात मात्र दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असे यंत्र बाळगणे बेकायदा आहे. मुंबईवरील 2008 च्या हल्ल्यानंतर या नियमाची अंमलबजावणी कडक झाली. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू महिलेला सामानात असे यंत्र सापडल्याने ताब्यात घेण्यात आले. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या मराठी नातेवाइकांकडून जीपीएस मागवण्याची पद्धत आपल्याकडे आहे. त्यांनी प्रेमाने आणलेले यंत्र नेमके याच जातीचे निघाले तर विमानतळावर गुंतणार ते आणणारेच. मागवताना पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून द्यावा आणि नावात ‘आय’ नाही ना, हे पुन्हा तपासावे. जीपीएसमॅप 67 आणि जीपीएसमॅप 67आय ही दिसायला जवळजवळ सारखी, पण कायद्याच्या दृष्टीने अगदी वेगळी यंत्रे आहेत. उपग्रहाकडे काहीही न पाठवणाऱ्या साध्या यंत्राला ही बंदी लागू नाही.

एवढे सगळे जमेस धरले तर बहुतेक भटक्यांसाठी मधल्या गटातले यंत्र रास्त ठरते. ईट्रेक्स 22एक्समध्ये रंगीत नकाशा, आठ जीबी जागा, मेमरी कार्डाची खाच, बटणे आणि पेन्सिल सेल आहेत. त्याच्याच जोडीच्या 32एक्समध्ये होकायंत्र आणि दाबाचा उंचीमापक जास्त मिळतो, आणि फरकाची रक्कम त्यासाठी खुशाल द्यावी. ईट्रेक्स एसईची बॅटरी विलक्षण टिकते, पण त्यात नकाशा नाही. सह्याद्रीत ही उणीव मोठी आहे. घळी आणि जंगले धुंडाळणाऱ्यांसाठी दोन वारंवारितांवर ऐकणारे जीपीएसमॅप 65एस आहे, सेलवर चालणारे. मोठ्या हिमालयीन मोहिमांसाठी 67. जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल तरी हरकत नाही. उपग्रहांचे संदेश जुन्या यंत्रांनाही आज तसेच ऐकू येतात. फक्त झाकणाचा रबर, सेलच्या जागेतला गंज आणि बटणांवरची फाटलेली कातडी पाहून घ्यावी.

नवे यंत्र थेट अवघड वाटेवर नेऊ नये. बरेच दिवस बंद राहिलेले किंवा शेकडो किलोमीटर दूर नेलेले यंत्र पहिल्यांदा चालू केले की त्याला उपग्रहांची वेळापत्रके नव्याने ऐकावी लागतात. सगळ्या उपग्रहांची ढोबळ माहिती प्रसारित व्हायलाच साडेबारा मिनिटे लागतात. म्हणून पायथ्याशी चहा घेताना ते उघड्यावर ठेवून द्यावे, झाडाखाली किंवा गाडीत नाही. मग गाव सुटते ती जागा, पहिले पाणी, वाट फुटते तो तिठा अशा जागा वेपॉइंट म्हणून नोंदवत जावे. परतताना, विशेषतः अंधारात, याच खुणा कामी येतात. सिंहगडासारख्या पायाखालच्या वाटेवर एक-दोनदा माग नोंदवणे आणि त्याच मागावरून उलट येणे करून पाहिले की बटणे हाताला बसतात.

यंत्रातल्या दोन सेटिंग पहिल्याच दिवशी पाहून घ्याव्यात. पहिली मोजणीच्या पायाची, म्हणजे डेटमची. ती ‘डब्ल्यूजीएस 84’ अशी असायला हवी. जुन्या सर्वेक्षण पत्रकांचा पाया एव्हरेस्टच्या 1830 च्या मोजणीचा आहे, आणि दोहोंची सरमिसळ झाली तर जागा शंभर मीटरपेक्षाही जास्त चुकू शकते. दुसरी अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धतीची. गार्मिनचे यंत्र मुळात अंश आणि दशांश मिनिटे दाखवते, तर फोनवरचे नकाशे दशांश अंश मागतात. हरिश्चंद्रगडाच्या परिसरातला 19 अंश 23.5 मिनिटे हा अक्षांश दशांशात 19.3917 होतो. घाईत तोच 19.235 असा कळवला गेला तर मदतीला निघालेले लोक सुमारे सतरा किलोमीटर दक्षिणेला जातील. गटातल्या सगळ्यांनी यंत्रे आणि फोन एकाच पद्धतीवर लावून घ्यावेत. आणि बचाव पथकाला जागा कळवताना आकडे सांगून न थांबता ‘अंश, दशांशात’ किंवा ‘अंश आणि मिनिटे’ असे स्पष्ट सांगून, जवळच्या गावाचे नाव जोडून, समोरच्याकडून ते आकडे परत वदवून घ्यावेत.